खांबावरचा होला

"मेल्या, पाहुणे जाईपर्यंत तरी गप बस," बू सुमिरा, म्हणजे सुमिराबाई, पिंजऱ्याकडे बघून पुटपुटली आणि दोरी ओढून तिनं पिंजरा उंच खांबाच्या टोकाला चढवला.

मंगळवारी पिंजरा धुताना सासऱ्यांचा होला तिच्या हातून उडाला होता. मरताना त्यांनी तो मुलाच्या हाती सोपवलेला. निवृत्तीनंतर तिचा नवरा सुकिरमान हसायचा तो फक्त रविवारी, मित्रांसोबत खांबाखाली बसून होल्याचं घुमणं ऐकताना. सुमिरानं बाजारातून धावतपळत दुसरा आणला. घरी आल्यावर बघते तर काय! आपल्या जावा बेटाच्या होल्याची छाती मधोमध कोरी गुलाबी, पट्टे फक्त कडेला. याच्या छातीवर आडवे पट्टे या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुंबा बेटाचा निघाला, जातभाई खरा, पण परका. उंचावर छाती दिसणार नव्हती. गळ्याचं काय करणार? जुना लांब, संथ घुमायचा. हा तुटक तुटक, दारावर टकटक केल्यासारखा.

रविवारी नवऱ्याचे ते मित्र, जोयो आणि तुकिरिन, आले. होला टकटकला. सुकिरमानसकट तिघांनी माना डोलावल्या.

"वा! थेट तुझ्या बापाचाच गळा," जोयो म्हणाला.

"आज जरा जास्तच खुललाय," तुकिरिन म्हणाला.

ओळखूनही बोलत नाहीत, किती सभ्य माणसं, सुमिराला वाटलं. लाजेनं तिनं तळलेल्या तेंपेची, सोयाबीनच्या वड्यांची, दुसरी बशी आणली.

"बू, या गळ्याचं एक पिल्लू मला हवंच," जोयो म्हणाला. "माझी मादी सोबतच आणलीय. उतरवा बघू पिंजरा!"

"त्याला आज बरं नाहीये!"

"एवढा गातोय की!" म्हणत सुकिरमाननं स्वतःच दोरी सोडली.

पिंजरा खाली आला. तिघे वाकले.

"वयानं पट्टे पसरतात," तुकिरिन म्हणाला. "माझं पोट नाही का पसरलं?"

"हो, हो. उन्हानंही होतं," जोयो म्हणाला.

सुमिराला राहवेना. "तो उडाला हो! माझ्याच हातून. हा सुंबाचा आहे. छाती दिसली नाही, कबूल. पण आवाज? आवाजावरून एकालाही कळू नये?"

जोयो कॉफीत बघत राहिला. तुकिरिननं तेंपे तोंडात कोंबला.

"जवळचं बोललेलं कळतं गं," सुकिरमान हळूच म्हणाला. "पण खांबावरचं... दोन वर्षं झाली, मला काहीच ऐकू येत नाही. हे दोघं मान डोलवायचे, म्हणून मीही डोलवायचो."

जोयोनं पेला खाली ठेवला.

"तुलाही?"