बापूरावांचे कागदी प्रोग्राम

आमच्या शेजारच्या बापूरावांनी उभ्या आयुष्यात कॉम्प्युटर पाहिला नव्हता, आणि तरी ते रोज सकाळी ओट्यावर बसून त्याच्यासाठी प्रोग्राम लिहीत. हो, वहीत! शाईच्या पेनाने, समास सोडून. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि आमच्या सेलूत तेव्हा पेपरात कॉम्प्युटरचा फोटो आला तरी चार माणसं वाकून बघायची.

बापूराव बांधकाम खात्यातले रिटायर ओव्हरसिअर. एकुलता एक मुलगा विजय अमेरिकेत प्रोग्राम लिहायच्या नोकरीवर. त्याची पत्रं आखडत आखडत दोन ओळींवर आली होती. 'मी ठीक आहे. काळजी नसावी.' काम काय करतोस, असं बापूरावांनी विचारलं, तर उत्तर आलं, 'तुम्हाला नाही समजणार.'

झालं! म्हाताऱ्याला झोंबलं. "काऊन नाई समजणार? पूल बांधले म्या!" नागपूरहून विजयच्या कामाच्या भाषेचं इंग्रजी पुस्तक मागवलं आणि पाठ करून टाकलं. आता शिकवायला कोणी पाहिजे ना? सापडलो मी. तहसिलीतला कारकून, कचेरीला निघायच्या गडबडीत. हे खुशाल सायकलचं हँडल धरून ठेवत.

"हे पाह्य. क्लास म्हंजे नकाशा. नकाशात कोनी राह्यते का? घर बांधा लागते. थे घर म्हंजे ऑब्जेक्ट. आन् घर उभं होताच आपोआप जे पयलं काम होते, दाराले कुलूप, खोलीत दिवा, थो कन्स्ट्रक्टर."

"आन् इनर क्लास?" उशीर झालेलाच असायचा, मीही विचारायचो.

"देवघर! घराच्या नकाशातला देवघराचा नकाशा. आता घरच नाई बांधलं, त देवघर मांडतं कुठी? हवेत? आधी घर, मंग त्याच घरातलं देवघर. मशीन लय भोळी हाय बाप्पा, तिले सारं सांगा लागते."

घरातही तेच. काकूंनी चहा आणला की विचारत, "साखर चहा बनतानाच टाकली का मागून?" काकू म्हणत, "तुमच्या कन्स्ट्रक्टरले म्हना, उद्यापासून तूच स्टो पेटव."

लिहिलेला प्रोग्राम विमानाच्या डाकेने विजयला जाई. तो मशीनवर चालवून चूक कळवी. एक प्रोग्राम चालायला महिना-सव्वा महिना!

रोजच्या माऱ्याने हळूहळू मलाही त्यातलं कळू लागलं. एका शनिवारी पाकीट बंद करण्याआधी त्यांनी मला वही दाखवली, आणि काय सांगू, मला चूक दिसली! घराचा पत्ता नाही आणि देवघर तयार! मी तर ओरडलोच.

"काका, चुकलं! घर कुठी हाय? मले शिकवता आन् सोताच?"

"हळू बोल." बापूरावांनी आत पाहिलं. "म्हाईत हाय मले. चार पत्रांपासून हेच करून राह्यलो."

"काऊन?"

"पयल्या खेपेले खरंच चुकलो होतो. पोरानं चार पानं लिहिली. मंग सुधारून धाडलं, त दोन ओळी. बरोबर आहे, काळजी नसावी." ते पाकिटाच्या कडा दाबत बसले. "चुकलं का मंग थो समजावते, आकृत्या काढते, रागावते बी. 'बाबा, पुन्हा तेच केलं?' म्हनते. तुही काकू चारी पानं वाचून घेते माह्याकून. तिले एक अक्षर समजत नाई. पन उठत नाई."

इतका वेळ मी केवढ्या फुशारकीत ओरडत होतो, त्याची लाज वाटली.

"झालं का जी पत्र?" आतून काकूंची हाक आली. "डाक निघून जाईन!"

मी सायकल भिंतीला टेकवली, बापूरावांच्या हातातलं पेन घेतलं आणि कन्स्ट्रक्टरमधली एक चांगली ओळ सरळ खोडून टाकली.

"काका," मी म्हटलं, "ही चूक बी राहू द्या. पाच पानं येतीन."