कमरेत टोचणारं सत्य

"माझं नाव ऐकून गुन्हेगार थरथरतात," मामा सीटचा पट्टा लावता लावता म्हणाले. "आणि ज्यांनी माझं नाव ऐकलेलंच नाही, ते कशाने थरथरतात, याचा तपास चालू आहे."

मागच्या सीटवरून मामींनी नुसतं "हं" केलं. लग्न झाल्यापासून त्या या गुप्तहेराच्या बिनपगारी सहायक होत्या.

मामांची सगळी नोकरी घरोघरचे पाण्याचे मीटर वाचण्यात गेली. लोकांच्या जिन्याखाली वाकून वाकून निवृत्तीच्या वेळी त्यांना दोन गोष्टी मिळाल्या: कंबरदुखी, आणि 'जो मीटर वाचतो, तो माणूस वाचतो' हा सिद्धांत. आजवर त्यांनी हाती घेतलेली प्रकरणं दोन. शेजारणीचं हरवलेलं मांजर आणि स्वतःचा हरवलेला चष्मा. मांजर आपणहून घरी आलं. चष्मा मांजराखाली सापडला.

आज मात्र मामींना कुठलंच प्रकरण नको होतं. त्यांना समुद्रात पाय बुडवायचे होते.

गेल्या सुट्टीतही हीच मंडळी समुद्राकडे निघाली होती. गाडी चालवायला जावईबापू, म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. पेशाने दाताचे डॉक्टर. "वर्षभर मी किंकाळ्याच ऐकतो," असं त्यांनी निघतानाच बजावलं होतं. "सुट्टीत एकही ऐकणार नाही. ऐकली की गाडी माघारी." मागे बसलेल्या त्यांच्या दोन लेकी, मोठी आणि ढमी, खिडकीवरून भांडल्या, ढमीने किंकाळी फोडली, आणि जावईबापूंनी खरोखर अर्ध्या वाटेवरून गाडी वळवली. मामींच्या नव्याकोऱ्या चपला वाळू न बघताच घरी आल्या होत्या.

म्हणून यंदा मामींनी आणि वन्संनी, म्हणजे मुलींच्या आईने, जय्यत तयारी केली होती. एका कापडी पिशवीत पत्ते, सापशिडी, फाशांची डबी, रंगखडू, स्ट्रॉबेरीच्या वासाचं खोडरबर आणि ढमीचा कापडी ससा. ही पिशवी म्हणजे सबंध सुट्टीचा विमाच.

शहर मागे पडलं. मोठीने ढमीला कोपराने ढोसलं, ढमीने मोठीची वेणी ओढली.

"पिशवी काढा हो वन्सं," मामी घाईघाईने म्हणाल्या.

वन्संनी पायाशी पाहिलं, सीटखाली पाहिलं, मग गाडी थांबवून डिकीत पाहिलं. पिशवी नव्हती.

"कुणीही कशाला हात लावायचा नाही!" मामांचा आवाज घुमला. ऐन उन्हाळ्यात त्यांनी लांब कोट घातला होता, कारण कोटाशिवाय गुप्तहेर म्हणजे नुसता चौकस माणूस. खिशातून भिंग काढून त्यांनी ते डोळ्याला लावलं. "जावईबापू, गाडी चालू द्या. गुन्हेगार आपल्यातच आहे."

"दादा, गाडीत आपणच आहोत," वन्सं म्हणाल्या.

"म्हणून तर म्हणतोय!"

मामांचा पहिला संशय जावईबापूंवर. "फाशांचा खुळखुळाट तुम्हाला दात पडल्यासारखा ऐकू येत असणार. हेतू स्पष्ट आहे!"

"दात पडल्याचा आवाज होत नाही हो," जावईबापू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "बिल सांगितल्यावर होतो."

दुसरा संशय शहराबाहेर पडताना लागलेल्या पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्यावर. "चार चाकांत हवा भरली, पण हसला एकदाच. उरलेल्या तीन चाकांच्या वेळी त्याच्या मनात काय होतं?"

ढमीने मोठीची वेणी सोडली. "मामा, तो हवावाला चोर आहे?"

"असू शकतो. मी चोराच्या जवळ आलो की मला कमरेत टोचतं. आत्ता टोचतंय." मामा कळवळून हलले. "आई गं! फारच जवळ आलोय."

ते हलले आणि मामींना त्यांच्या पाठीमागून सीटच्या फटीतून लोंबणारा निळा पट्टा दिसला.

पट्टा पिशवीचा होता.

मामींच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख झालं. भल्या पहाटे गाडी भरताना मामांनी "कमरेला काहीतरी मऊ हवं" म्हणत प्रत्येक सामान भाजीसारखं चिमटून पाहिलं होतं. ससा होता म्हणून ही पिशवी सगळ्यात मऊ लागली असणार. आणि त्यांच्यासाठी मुद्दाम आणलेली उशी डिकीत आरामात झोपली होती.

"अहो," मामींनी तोंड उघडलं.

"शू! मामी, थांब ना!" दोन्ही मुली एकदम म्हणाल्या. "मामा चोर पकडतायत!"

मामींनी मुलींकडे पाहिलं. दोघी एकाच खिडकीशी, गालाला गाल लावून बसल्या होत्या. मामींनी तोंड मिटलं. सापशिडीने एवढं कधी साधलं असतं?

तपासाला जोर चढला. मोठीची बढती होऊन ती न्यायाधीश झाली. ढमी पोलिसी कुत्रा झाली आणि सगळ्यांच्या चपला हुंगू लागली. हुंगता हुंगता ती पुढे झुकली. "मामा, स्ट्रॉबेरीचा वास तुमच्याकडून येतोय!"

"तो माझ्या कमरेच्या मलमाचा आहे," मामा कोरडेपणाने म्हणाले. "कुत्र्याने पुराव्यात आणि मलमात गल्लत करू नये."

पुढे चहाची टपरी लागली. मामा सीटचा पट्टा सोडून उतरायला लागले तसा मामींनी मागून त्यांचा कोट धरला. मामा उठले की प्रकरण संपलं, आणि प्रकरण संपलं की किंकाळी.

"अहो, तुम्ही उतरू नका! जागा सोडलीत तर चोराला कळेल, तपास ढिला पडलाय. चहा मी आणते."

मामांचे डोळे भरून आले. "जावईबापू, सहायक असावा तर असा."

चहासोबत बिस्किटं आली. गाडी पुन्हा निघाली, आणि एक बिस्कीट अर्ध्यावर आल्यावर ढमी थबकली. "माझा ससा पण पिशवीत आहे." तिचा खालचा ओठ थरथरला. जावईबापूंनी गाडीचा वेग कमी केला आणि गाडी वळवता येईल अशी जागा डोळ्यांनी शोधली. मामींनी निळा पट्टा चिमटीत धरला. आता ओढायचाच.

"ससा!" मामा गरजले. "म्हणजे या गुन्ह्याला प्रत्यक्ष साक्षीदार आहे! ढमे, ससा कुणाला घाबरतो?"

"कुणालाच नाही!"

"मग तो साक्ष देणार!"

ढमीचा ओठ जागेवर आला. मामींनी पट्टा सोडला. मग ससा कोर्टात काय बोलेल, शपथ कशी घेईल, न्यायाधीशाने त्याला गाजर द्यावं की नाही, यावर वाद घालता घालता डोंगर संपला, वळणं संपली, आणि खारा वारा गाडीत शिरला.

समोर समुद्र होता. खरा, ओला, काठोकाठ.

मामा उतरले आणि भिंग उंचावून म्हणाले, "निकाल! सबंध प्रवासात एकच व्यक्ती शांत होती. तिने शोध घेतला नाही, मला जागचं हलू दिलं नाही, वर चहाही पाजला. गुन्हेगार आहे माझी सहायक!"

मामींचा चेहरा पडला. उभ्या आयुष्यात मामांचा पहिल्यांदाच नेम इतका जवळ बसला होता.

"मामा," गाडीतून ढमीचा आवाज आला, "पिशवी तुमच्याच सीटवर आहे."

तिने ससा बाहेर काढला. ससा इस्त्री करून आणल्यासारखा सपाट झाला होता. फाशांच्या डबीचा कोपरा मात्र जसाच्या तसा टोकदार होता.

मग मामांनी कोट झटकला. "पाहिलंत? मुद्देमाल पहिल्यापासून मी माझ्या ताब्यात ठेवला होता."

सशाला फुगवत मुली किनाऱ्याकडे पळाल्या. मामींनी नव्या चपला हातात घेतल्या आणि पाण्यात पाऊल टाकलं. शेजारी पँट दुमडून जावईबापू येऊन उभे राहिले.

"वहिनी, तो निळा पट्टा मला पेट्रोल पंपापासून दिसत होता."

"आणि बोलला नाहीत?"

"वर्षात पहिल्यांदा एवढी शांतता मिळाली. मी कशाला बोलतोय?" मग ते जरा चिंतेने म्हणाले, "पण परत जाताना काय?"

तेवढ्यात मागून मामांची आरोळी आली. "माझं भिंग कुणी घेतलं?"

शिंपल्यावरून जुंपलेल्या मोठीने आणि ढमीने शिंपला जागच्या जागी टाकला आणि मामांकडे धूम ठोकली.

मामींनी काखेतली पर्स घट्ट दाबली आणि आणखी एक पाऊल खोल पाण्यात टाकलं.