आठ तासांची आजी

त्या मंगळवारी अक्कांच्या पदरात आणखी चार तास पडायचे होते. परक्या देशात त्या एका आजीची देखभाल करत, दिवसाचे चार तास. आज सरकारी तपासनीस बाई येऊन चाराचे आठ करणार होती. आठ तास म्हणजे पक्की नोकरी, पक्की नोकरी म्हणजे पक्के कागद, आणि पक्के कागद म्हणजे मावशीकडे ठेवलेली लेक इथे, आईच्या कुशीत. हिशेबात कुठे भोक नव्हतं.

भोक होतं ते समजुतीत. काम चोख दिसलं की तास वाढतात, असं अक्का धरून चालल्या होत्या. त्यात पाहुणा येणार म्हटलं की फाटकं आत आणि धडकं बाहेर, हे वळण हाडीमांसी खिळलेलं. वॉकर कपाटात गेला, औषधं पलंगाखाली गेली. आजीच्या गुडघ्यांना तेल चोळून, निळा झगा चढवून, केस विंचरून तिला खुर्चीत ताठ बसवण्यात आलं.

"काय गं पोरी, माझं लग्नबिग्न ठरवलंस की काय?"

"गप बसा हो आजी. मोठ्या बाई येताहेत. आपली शोभा नको व्हायला."

तपासनीस बाई आली ती फॉर्म उघडूनच. "चालता येतं?"

तीन महिन्यांपूर्वी आजीला कूसही बदलता येत नव्हती. अक्कांनी रोज पाच-पाच पावलं वाढवत तिला उभं केलं होतं. आता ती उठली आणि भिंतीला हात न लावता खिडकीपर्यंत जाऊन आली. अक्कांचे डोळे भरून आले. बाईने शून्य लिहिलं.

"आंघोळ?"

"माझी मी करते," आजी बेधडक खोटं बोलली. परक्या बाईसमोर कोण कबूल करणार? पुन्हा शून्य. वर आजीने स्वतः चहा आणून दिला, बशीत थेंब न सांडता.

"छान! यांना मदतीची गरजच नाही. तास बंद."

"अहो, बंद कसे? वाढायला हवेत ना?"

"जितकी लाचारी जास्त, तितके तास जास्त. नियमच आहे."

अक्कांनी धावत जाऊन वॉकर ओढून काढला, पलंगाखालच्या बाटल्या टेबलावर मांडल्या. "बघा, रोज अकरा गोळ्या! आजी, जरा लंगडा ना!"

"आत्ता? मग बाईंना मी खोटारडी वाटेन."

बाईने जुना फॉर्म चाळला. "इथे तर 'अंथरुणाला खिळलेली' असं लिहिलंय. यांना चालवलं कुणी?"

आजीने अक्कांकडे बोट दाखवलं. बाईने पेनाला टोपण लावलं आणि आवाज उतरवला. "माझी आई दोन वर्षं पलंगावर आहे. उद्यापासून याल?"

अक्कांनी पदराने डोळे पुसले. हिशेब मात्र पुसला नाही. "किती तास?"

"आठ."

"कागदावर?"

"सहीशिक्क्यासकट."

"आणि आई चालायला लागल्या तर?"

बाईने सुस्कारा सोडला. "मग सासूबाई आहेत."

आता कुणी काय भरलं ते बघा. सरकारचे चार तास वाचले, ते वाचवणाऱ्या बाईच्या खिशातून आठ तासांचा पगार जाऊ लागला. अक्कांची लेक आली. आणि आजी? सगळ्यांत जास्त भुर्दंड तिलाच. अक्कांना भेटायला ती रोज संध्याकाळी दोन गल्ल्या चालत जाते. वॉकर कपाटातच आहे.