डबा काही संपेना

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला स्वयंपाकघर जड जाईल असं जो म्हणेल त्याची कीव करावी, असं निरीक्षकसाहेबांचं ठाम मत होतं. पण असं म्हणणारी त्यांची बायकोच असल्यामुळे कीव जरा हळू आवाजात करावी लागत होती.

वाद मुलीवरून होता. मुलीला दूरच्या शहरात, नकाशे काढणाऱ्या कचेरीत दोन वर्षांची उमेदवारी मिळाली होती. ही पोर लहानपणी भिंतीला ओल आली तरी तिच्यात नद्या शोधायची, तेव्हा तिला दुसरं काही मिळून उपयोगही नव्हता. पण उमेदवारीचा पगार तो केवढा! खोलीचं भाडं आणि जाण्यायेण्याचा खर्च वजा जाता जेवायला जे उरत होतं, ते ऐकून आईनं कपाळाला हात लावला. पुढच्या रविवारी होकार-नकार कळवायचा होता.

"एवढ्यात चिमणीचंसुद्धा भागायचं नाही," आई म्हणाली. "तिकडे उपाशी झोपेल नि आपल्याला कळणारही नाही. ती काही जात नाही."

"भागतं," साहेब म्हणाले. "माणसाला मोजून खाता आलं पाहिजे. मीच दाखवतो ना! आजपासून सात दिवस मी तेवढ्याच पैशांत जेवीन. भागलं तर पोर जाईल. नाही भागलं तर विषय संपला."

मुलगी हातातला चहा विसरून दोघांकडे बघत राहिली. तिची दोन वर्षं बापाच्या पोटावर येऊन टेकली होती, आणि ते पोट, खरं सांगायचं तर, भलतंच लाडावलेलं होतं.

तो दिवस रविवारचा. साहेबांनी लगेच बाजार केला. एक किलो तांदूळ, सहाशे ग्रॅम मसूर, थोडे बटाटे, चार कांदे. घरी आल्यावर त्यांनी तांदूळ आणि मसूर एकाच डब्यात ओतून डबा चांगला हलवला.

"अहो, हे काय करताय?" बायकोनं विचारलं.

"वजन एकदाच करावं लागतं. शिवाय रोजचं प्रमाण आपोआप राहतं."

"तीस वर्षांत मला हे सुचलं नाही," बायको म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

नियम कडक होते. रोज दोनशे अठ्ठावीस ग्रॅम काढायचे, स्वतः शिजवायचे, बाहेरचं काही तोंडात घालायचं नाही. ज्या माणसानं एकतीस वर्षांत व्यापाऱ्याकडचं लिंबूसुद्धा फुकट घेतलं नाही, तो आता कचेरीतला चहाही परत पाठवू लागला. पहिल्या दिवशी जे शिजलं ते वरून पाणी आणि खालून विटा असं होतं. साहेबांनी ते डोळे मिटून संपवलं. दुसऱ्या दिवसापासून पोटात कावळे ओरडायला लागले, आणि फळबाजारात केळीवाल्याचा काटा तपासायला त्यांना नेहमीपेक्षा वीस मिनिटं जास्त लागली.

पण खरी भानगड वेगळीच होती. सोमवारी सकाळी डब्यात एक हजार तीनशे बहात्तर ग्रॅम हवे होते. भरले चौदाशे ऐंशी.

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वजन केलं. चौदाशे ऐंशी. मंगळवारी तफावत दुप्पट झाली. बुधवारी त्याहून वाढली. माणूस जेवतोय आणि डबा काही संपेना! तुम्हीआम्ही असतो तर घरातल्या माणसांकडे बघितलं असतं. पण साहेबांचा माणसांवर विश्वास होता, संशय घ्यायचा तो फक्त काट्यांवर. त्यांनी घरचा काटा कचेरीत नेला आणि तिथल्या प्रमाण वजनांशी ताडून पाहिला. काटा चोख निघाला.

आता काटा चोख आणि उत्तर चूक, याचा अर्थ काय? उपाशी डोक्यानं विचार केला की तो फार लांब जातो. गुरुवारी साहेबांनी वरिष्ठांकडे तीन पानी अर्ज दिला: कचेरीतली प्रमाण वजनंच बदलली असावीत, सबब शहरातल्या झाडून सगळ्या काट्यांवरचे शिक्के रद्द करून फेरतपासणी व्हावी. कचेरीत एकच खळबळ उडाली. एका कारकुनानं तर सोनाराकडून घेतलेल्या अंगठीची पावती शोधायला घेतली.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे साहेबांच्या वरिष्ठांनी, त्यांना केबिनमध्ये बोलावलं. सगळी हकिकत शांतपणे ऐकून घेतली.

"डबा कुठे असतो?"

"स्वयंपाकघरात."

"कुलूप?"

"घरात कशाला कुलूप, बाई?"

बाईंनी अर्ज घडी करून परत दिला. "वजनं राहू द्या. घरी जा आणि माणसं तपासा."

साहेब घरी आले तेच थेट स्वयंपाकघरात. बायको भाजी चिरत होती, मुलगी टेबलाशी वहीत रेघा मारत बसली होती. साहेबांनी डबा बायकोसमोर ठेवला. बायकोनं एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"हो, मीच टाकत होते," ती म्हणाली. "रोज सकाळी मूठभर तांदूळ. तुम्ही अंघोळीला गेलात की. वाटलं, डबा भरलेला दिसला की थोडं जास्त काढाल."

"पण तुला तर मी हरायला हवा होतो."

"हवेच होतात. अजूनही हवे आहात." तिनं सुरी खाली ठेवली. "पण म्हणून उपाशी राहून हरायचं? चार दिवसांत चेहरा बघा केवढासा झालाय. हरायचं तर पोटभर जेवून हरा की!"

तीस वर्षांच्या संसारात साहेबांवर इतकं प्रेम कुणी इतक्या रागानं केलं नव्हतं. ते स्टुलावर बसले. डब्यात हात घालून त्यांनी ओंजळभर धान्य वर काढलं, आणि मग त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला.

"तू तांदूळ टाकलेस."

"सांगितलं ना."

"फक्त तांदूळ?"

"फक्त तांदूळ."

"मग मसूर कमी दिसायला हवेत. ते कसे वाढले?"

वहीवरची पेन्सिल थांबली होती. आईबाप दोघांनीही एकदमच मान वळवली.

"बाबा," मुलगी म्हणाली, "नुसत्या भातानं ताकद येत नाही."

आईनं ओट्यावरचा मसुराचा डबा उघडून पाहिला. "माझा डबा तर भरलेला आहे. आणलेस कुठून?"

"बाजाराच्या मागच्या गल्लीतून. गोणी रिकामी केली की तळाशी फुटके मसूर उरतात, ते अर्ध्या भावात देतात. तीन दुकानांत विचारलं मी. शिजतातही लवकर."

"आणि पैसे?"

"आठवडाभर बसनं नाही गेले. चालत गेले."

आईनं साहेबांच्या ओंजळीतून चिमूटभर मसूर उचलले आणि तळहातावर पसरले. अर्धे फुटलेले होते, पण खडा एक नव्हता, कोंडा नव्हता. तिनं ते बोटानं पुन्हा पुन्हा इकडून तिकडे सारले.

"निवडलेस कधी?"

"तुम्ही दोघं भांडत असताना. भरपूर वेळ मिळायचा."

आईला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. पोर जायला नको होती तिला, आणि आता अडवायला हातात काही उरलं नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले.

"कळवून टाक होकार," ती म्हणाली. "बसच्या पैशांत बापाला पोसणारी पोर उपाशी राहायची नाही. उपाशी राहीन ती मी, तू गेल्यावर."

मुलगी उठून आईला बिलगली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि दोघी बराच वेळ तशाच उभ्या होत्या. साहेबांनाही भरून आलं होतं, पण त्यांना मधे जागा मिळेना. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"म्हणजे माझ्या प्रयोगाचा निकाल..."

"तुमच्या प्रयोगाला म्हणावं हात धुऊन ये," बायको म्हणाली आणि तिनं ताट मांडलं.

साहेब जेवायला बसले. आठवडा पुरा व्हायला अजून एक दिवस बाकी आहे, हे त्यांना तिसऱ्यांदा भात घेताना आठवलं. पण तोंडात घास होता, त्यामुळे ते काही बोलले नाहीत.