एक ट्रॉफी उरते

मुलुंड पूर्वेच्या 'स्नेहांकुर' सहकारी गृहनिर्माण संस्थेत यंदा गंभीर पेच निर्माण झाला. गुणगौरव समारंभासाठी वीस ट्रॉफ्या आल्या आणि गुणवंत भरले दोन. ट्रॉफ्या नाक्यावरच्या क्लासवाल्या माणिकसरांनी फुकट दिलेल्या. त्या परत करायच्या म्हणजे आमच्याकडे हुशार मुलं नाहीत अशी जाहीर कबुलीच की हो!

सचिव नंदकुमार प्रधान यांनी पात्रतेची अट शिथिल केली. आठ पॉइंटरवरून सात, सातावरून सहा, मग नुसतं 'उत्तीर्ण'. तरी एक ट्रॉफी उरलीच. तेव्हा त्यांना आठवलं, अरे, आपल्याच घरात एक इंजिनिअर शिजतोय!

शिजणारा शौनक केव्हाच करपला होता. या सेमिस्टरला तीन विषयांत नापास होऊन त्याला केटी लागली होती, आणि ते घरी सांगायचं कसं या धास्तीने त्याला जेवण जात नव्हतं. बाबा मारणारे नव्हते, पण त्यांचा पडलेला चेहरा त्याला बघवत नसे. बरं, दोष द्यावा तर कुणाला? कॉलेज त्याने स्वतः, पूर्ण शुद्धीत निवडलं होतं. माहितीपुस्तिकेत तळ्याकाठच्या हिरवळीवर पोरं लॅपटॉपकडे बघून हसत होती. पहिल्या दिवशी कळलं की तळं पवईचं आहे आणि कॉलेज मरोळला, पत्र्याच्या कारखान्यामागे. हसणारी पोरं तर नंतर कधी दिसलीच नाहीत.

"बाबा, माझं नाव नका ना घालू."

"नम्रपणा पुरे. ट्रॉफीवर कोरूनसुद्धा झालं."

"अहो, पण निकाल..."

"निकाल कोण विचारतंय? मी तरी विचारला का?"

हे मात्र खरं होतं. इंजिनिअरिंगला घातलेला पोरगा आपोआप इंजिनिअर होतो, अशी बाबांची प्रामाणिक समजूत होती.

समारंभात 'उज्ज्वल यशाबद्दल' असं कोरलेली ट्रॉफी हातात पडली आणि शौनकला राहवेना. त्याने माईक ओढला.

"मी तीन विषयांत नापास आहे. बाबांना माहीत नाही. सॉरी, बाबा."

शौनकने डोळे घट्ट मिटून घेतले. तेवढ्यात प्रमुख पाहुणे माणिकसर उभे राहून टाळ्या वाजवू लागले. "काय हा आत्मविश्वास! हेच आजच्या कंपन्यांना हवंय!" मग अख्खी सोसायटी उठली. नंदकुमारांनी तत्परतेने तोंडी दुरुस्ती केली, "विशेष सन्मान, निर्भीड सत्यकथनाबद्दल!" वाट लागली, शौनक मनात म्हणाला.

खाली उतरतो तर ब विंगच्या रश्मीकाकू लेकीला, स्वरदाला, ओढत आल्या. "कॉलेज कुठलं रे तुझं? हिचा पहिला प्रेफरन्स तेच टाकते."

"काकू, मी नापास झालोय!"

"ते चालायचंच. संस्कार बघ ना किती छान आहेत!"

घरी आल्यावर बाबांनी ट्रॉफी टीव्हीशेजारी ठेवली, मागे पुढे सरकवून बघितली. मग पाठमोरेच म्हणाले, "कुठले रे तीन विषय?" तीन सेमिस्टरांत पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं, आणि शौनक लहान पोरासारखा रडला.

बाबांनी मात्र समारंभाचा फोटो तोवर सगळ्या ग्रुपवर टाकलाही होता. तो फिरत फिरत कॉलेजपर्यंत पोचला, आणि कॉलेजने शौनकला सन्मानाने बोलावून घेतलं.

यंदाच्या माहितीपुस्तिकेत तळ्याकाठी ट्रॉफी घेऊन हसणारा जो पोरगा आहे ना, तो आपला शौनक. स्वरदाने त्याच्याकडे बघूनच तिथे प्रवेश घेतला. हसू नका. बारावीचा निकाल लागला की तुम्हीही आधी फोटोच बघणार आहात.