नववी पायरी रजेवर

आमच्या शेजारच्या शरणाप्पांच्या अंगणात एक जिना आहे. तो कुठेच जात नाही. गोल गोल चढायचं, वर एका माणसापुरती जागा, आणि पुढे थेट आमच्या मुरूम गावचं आभाळ.

मठाचा जुना नगारखाना पाडला, तेव्हा हा बिडाचा, ओतीव लोखंडाचा जिना भंगारात निघाला. "माझा बाप नगारा वाजवायला ह्यावरनं चढायचा. ह्यो काय वितळवायचा माल हाय व्हय?" म्हणत आप्पांनी तो सुटा करून टेम्पोतून घरी आणला. आता रोज सकाळी वर बसून गल्लीच्या बातम्या देतात. "सुमनबाई, शेळी पापडावर आली बगा!" पाहुण्यानं चपला खाली काढायच्या, जिना देवाघरचा. पाहुणा आठव्या पायरीवर पोचला की वरून हुकूम, "नववी रजेवर हाय. ढांग टाका!"

नववी पायरी नाहीच. तिच्या जागी मधल्या खांबाला नुसता लाकडी ठोकळा. तिच्यासाठी आप्पांनी उमरग्यापर्यंत एक भंगारवाला सोडला नाही. आता आप्पा दिसले की भंगारवाले लांबूनच ओरडतात, "न्हाय आली हो!"

मी फार बोलणारा माणूस नाही, पण आता सांगूनच टाकतो. पायरी माझ्याकडे होती. टेम्पो उतरवू लागायला मीच होतो. आमच्या न्हाणीपुढे लई चिखल व्हायचा. जाळीदार पायरी, पाणी खाली निघून जाईल, सतरांतली एक कुणाला कळणार? दुसऱ्या दिवशी आप्पा पायऱ्या मोजत बसले आणि मीही शेजारी बसून मोजू लागलो. तेव्हापासून सहा वर्षं रोज सकाळी जातो, विचारतो, "आप्पा, सापडली का?" ते मान हलवतात, चहा ओततात. तो चहा कधी गोड लागला नाही, अन् चुकवताही आला नाही.

परवा पायरी घासूनपुसून, पोत्यात गुंडाळून त्यांच्यापुढे ठेवली. "आप्पा, मीच नेली होती."

त्यांनी पोतं उघडलंसुद्धा नाही. "मास्तर, जरा वर चढून या."

ढांग टाकून वर गेलो. खाली माझी न्हाणी, तिच्यापुढे पायरी उचलल्यावर उरलेला ओला त्रिकोण. सगळं लख्ख दिसत होतं.

"म्हणजे तुम्हाला…"

"जिना हुबा केला त्याच दिवशी दिसली."

"मग भंगारवाल्यांकडे कशाला हिंडलात?"

"तितं बी कोन तरी बोलतंच की." आप्पा खाली बघत म्हणाले, "घावली म्हनलो असतो, तर तुमी रोज इचारायला आला असता व्हय?"

मी खाली उतरलो. आप्पांनी पाना आणला, ठोकळा काढायला घेतला. मग थांबून म्हणाले, "पर मास्तर, कालपास्नं माजा चष्मा घावंना. सकाळी इचारायला या."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.