नासक्या अंड्याची मोहीम

श्रीमहादेवास साक्ष ठेवोन, आणि टँकर आज तरी येवो ऐसे मागणे घालोन, मौजे खडकवाडी, तालुका शिरूर कासार, जिल्हा बीड, येथे घडले ते घडले तैसे लिहिले आहे. यात पदरचे मीठ असेल तर जिभेस लागेल तितुकेच.

लागोपाठ तिसरे साल अवर्षणाचे. विहिरींचे तळ उघडे पडले, निम्मी रयत कोयते घेवोन ऊसतोडीच्या मुलखात कूच करोन गेली, आणि मागे राहिली म्हातारी माणसे, थोडी दुभती जनावरे आणि महिला दूध उत्पादक सहकारी संस्था. या संस्थेच्या तख्तावर चेअरमन केशरबाई विराजमान होत्या. शिक्षण दुसरी, तीही अर्धी. परंतु दुधात पाणी किती ते यंत्राआधी सांगत, आणि माणसात किती ते त्याहून आधी.

ऐशा समयी विद्यापीठाच्या वकील, म्हणजे संशोधक, शिवकन्याबाई वनखात्याचा परवाना आणि निळी बर्फपेटी घेवोन दाखल जाहल्या. मसलत ऐसी की, गावामागील कड्यावर गिधाडांची अखेरची जोडी, आणि तिचे अंडे दोन साले उबत नाही, नासते. तर पोटात कोणते विष जाते ते शोधण्यास्तव ते नासके अंडे अखंड आणि थंडगार पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचले पाहिजे.

केशरबाईंनी पुसिले, "नासकंच हाय ना? मग आजून काय नासायचं ऱ्हायलंय त्याचं?"

"मावशी, आतलं विष मोजायचंय. ऊन लागलं तर काहीच कळणार नाही, आणि पुढचं अंडं वर्षानंतर."

मग केशरबाईंची नजर कड्याकडे गेली. त्या नवी नवरी होवोन आल्या ते दिवशी वेशीबाहेर मेल्या बैलावर चाळीस गिधाडे बसली होती, आणि सासूबाईंनी फर्माविले होते, "बग, तुजं वऱ्हाड मागं ऱ्हायलं व्हतं, आलं." तो डंख त्यांनी पस्तीस साले जपला. आता सासूबाई कैलासवासी आणि वऱ्हाड दोनावर आले. केशरबाईंनी भर चावडीत शब्द दिला की, अंडे बीडास, पुण्याच्या यष्टीपर्यंत, पोचेल, न पोचेल तर चेअरमनकी खाली ठेवीन.

मग पहाटेच मोहीम उभी राहिली. विहिरीचे दोर तसेही बेकार पडले होते, ते जोडोन बंकट मधवाले कड्यावरोन उतरले. हे बंकट आग्यामोहोळास "सरक बे" म्हणणारे शूर. त्यांनी अंडे कापसात गुंडाळोन दातांत झोळी धरोन वर आणिले, आणि खाली येवोन अर्धी घटका नाक धरोन बसले, वासामुळे. अंडे बर्फपेटीत तख्तनशीन जाहले. बर्फ संस्थेच्या शीतकरण यंत्राचा. परंतु वीज कालपासोन गेलेली, म्हणोन होता तो शेवटचा.

दुधाचा टेम्पो दहास बीडाकडे निघणार, तो सचिव रामकिसन आडवे आले. हे पोटनियमांच्या किल्ल्याचे किल्लेदार.

"चेअरमनबाई, टेम्पोत सभासदाचाच माल चढतो. हे अंडं कुनाचं?"

"माज्या नावावर लिव्ह."

"तुमी अंडं दिलं, असं दप्तरात लिहू?"

केशरबाईंनी पदर खोचिला. "गिधाडीन सभासद न्हाई म्हनून आडलंय ना? मग करू तिला सभासद."

तात्काळ विशेष सभेची दवंडी फिरली. गणसंख्या चौदा, जमल्या अकरा. नियम ऐसा की गणसंख्येअभावी सभा तहकूब करावी आणि अर्ध्या तासाने त्याच जागी भरवावी, मग कितीही असोत. अर्धा तास! रामकिसनांनी घड्याळ काढोन मेजावर ठेविले. ऊन पत्र्यावरोन वितळोन खाली येत होते. शिवकन्याबाई पेटीतील पारा पाहत आणि ओठ चावीत.

तेव्हा केशरबाई घरी गेल्या, आणि चार दिवसांमागे टँकरवरोन आणिलेली, झाकोन ठेविलेली, लेकीसही न दाखविलेली पिण्याच्या पाण्याची अखेरची घागर कमरेवर घेवोन आल्या. पेटीवर गोणपाट टाकिले आणि वर धार सोडिली.

सभासदांतील सरूबाई बोलिल्या, "काल म्या तांब्याभर मागितलं तर म्हनलीस माठ फुटलाय."

"तू अंडं घालतीस का?"

दरबार हसला, सरूबाईही हसल्या, आणि पदराने पेटीस वारा घालू लागल्या. घागर रिती होता होता अर्धा तास भरला. ठराव जाहला: सूचक सरूबाई, अनुमोदक छबुबाई, गिधाडीण, राहणार कडा, व्यवसाय साफसफाई, सभासद. केशरबाईंनी पालक म्हणोन आपला अंगठा उमटविला. मग टेम्पो सुटला, आणि अंडे बीडाहून यष्टीने पुण्यास अखंड आणि थंडगार पोचले. केशरबाईंनी ती रात्र शेजारच्या तांब्यावर काढिली. तो तांब्या सरूबाईंचा.

दोन महिन्यांनी खलिता आला की, अंड्यात जनावरांच्या गोचिडीवर लावितात त्या औषधाचे विष सापडले. केशरबाईंनी पुन्हा सभा बोलाविली: औषध लाविलेले ढोर मेले तर उघड्यावर न टाकता पुरावे. जमल्या तेरा. इतक्यात वेशीवर टँकरचा भोंगा वाजला, आणि बाया घागरींकडे पाहो लागल्या. अर्धा तास थांबावे तर सभेत एक राहणार नाही.

रामकिसन म्हणाले, "एक कमी हाय. तहकूब."

तोच कड्यावरोन गिधाडीण उडाली, आणि सभा भरली त्या अंगणावरोन तिने एक फेर घेतला. मोठी सावली बायांच्या डोईवरोन, रामकिसनांच्या टोपीवरोन सरकत गेली.

"लिव्ह चौदा," केशरबाईंचा हुकूम जाहला.

"सही कुठाय तिची?"

"सावली पडली की वहीवर. आजून काय पायजे?"

रामकिसनांनी पोटनियम चाळिले. सावलीविरुद्ध कलम सापडले नाही. त्यांनी लिहिले: हजर चौदा, ठराव एकमताने मंजूर. आणि बाया घागरी घेवोन धावल्या, सर्वांत पुढे चेअरमन.

येणेप्रमाणे खडकवाडीची फत्ते जाहली, ती दप्तरी दाखल असे.